बाबा पाटावर बसतील का

माझ्या लग्नाची बोलणी सगळ्यांनी उभ्याने केली. खोटं वाटेल, पण अगदी खरं आहे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो आणि मुलाकडचे बदलापूरला, शिरगावात. याद्या करायला ते आमच्याकडे आले. आम्ही सतरंजी अंथरली, शेजारून खुर्च्या आणल्या. सगळ्यांना "बसा, बसा" म्हणून झालं आणि बाबा स्वतः मात्र कपाटाला टेकून उभे! माझे होणारे सासरे म्हणाले, "अहो, तुम्हीही बसा ना." बाबा म्हणाले, "नाही नाही, मी उभाच बरा." सासरे पडले भिडस्त. मुलीचा बाप उभा आणि आपण बसलेले, हे त्यांना कसंतरीच वाटलं. तेही उठले. ते उठले म्हणून त्यांच्याबरोबर आलेली सगळी मंडळी उठली. हॉल, आहेर, मानपान, सगळं उभ्याउभ्या ठरलं. जाताना सासूबाई आईला म्हणाल्या, "किती नम्र आहेत हो हे!"

नम्र कसले! त्यांना बसताच येत नव्हतं.

मला तेव्हाच संशय आला, कारण आठवडाभर मी आणखी एक गोष्ट पाहत होते. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि रोज सायकलने जायचे. त्या आठवड्यात ते सायकल हातात धरून चालत जात होते आणि चालतच परत येत होते. विचारलं तर म्हणायचे, "पंक्चर आहे." पंक्चर एक दिवस असतं, दोन दिवस असतं. मी जाऊन दोन्ही चाकं दाबून पाहिली, टणक! शिवाय उजव्या हाताच्या बोटात एक नवीन अंगठी आली होती, काळपट, वेडीवाकडी. स्टेशनबाहेर फूटपाथवर कापड पसरून बसणाऱ्या माणसाकडची ती मूळव्याधीची अंगठी मी लगेच ओळखली. बोटात घातली की दुखणं पळतं, असं तो दिवसभर ओरडून सांगायचा.

मी आईला गाठलं. आई भांडी घासत होती. ती आधी "काही नाही गं" म्हणाली, मग पदराने हात पुसून हळूच म्हणाली, "त्यांना बसायच्या जागेचं दुखणं झालंय. रक्त पण जातं. कुणाला बोलू नकोस." आणि मग खरी गोष्ट सांगितली. बाबांनी पुण्याच्या थोरल्या काकांना पत्र टाकलं होतं. कन्यादानाला तू आणि वहिनी बसा, मला पाटावर तासभर बसवणार नाही, असं.

माझा संताप संताप झाला! सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी शाळेत गेले, फी भरायला गेले, नोकरीच्या मुलाखतीला गेले, तो माणूस हॉलच्या भिंतीला टेकून उभा राहणार आणि वर्षातून एकदा दिसणारे काका माझा हात देणार? काकांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या हातावर पाण्याची धार पडेल ती बाबांच्याच हातची, हे मी त्या मोरीच्या दारात उभी राहून ठरवून टाकलं. लग्नाला पाच आठवडे होते.

बापाशी अशा दुखण्याबद्दल बोलायचं कसं? मी बोललेच. म्हटलं, "बाबा, अंगठी काढा आणि डॉक्टरकडे चला." ते इतके लाजले की पेपर उलटा धरून वाचू लागले. मी पेपर काढून घेतला.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. रक्त जातं तेव्हा घरच्या घरी अंदाज बांधून बसायचं नाही, आधी दाखवायचं. त्यांनी तपासलं, म्हणाले, आज तरी कापाकापीची गरज नाही. पोट साफ राहू द्या, कुंथू नका, भरपूर पाणी प्या, तळलेलं-तिखट बंद, कोमट पाण्यात रोज बसा, आणि झोपताना इसबगोल घ्या. थांबलं नाही तर परत या. मी सगळं लिहून घेतलं. बाहेर पडताना मला इतका आनंद झाला की मी तिथेच बाबांना रसवंतीत नेलं. बाबा उसाचा रस उभ्यानेच प्यायले.

पण चार दिवसांत दुखणं कमी व्हायचं ते वाढलं. बाबांचा चेहरा पडला, जेवण अर्ध्यावर आलं. आई म्हणाली, "पाहिलंस? काकांना येऊ दे." मी रडकुंडीला आले. मग त्या संध्याकाळी बाबांना इसबगोल घेताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आमच्या घरात कुठलंही चूर्ण घ्यायची एकच पद्धत होती, फक्की! मान वर, मूठ तोंडात, वर घोटभर चहा. बाबांनी इसबगोलाचीही तशीच फक्की मारली. इसबगोल म्हणजे पाणी पिऊन फुगणारी चीज. त्याला पाणीच मिळालं नाही तर ते आत घट्ट बसणार नाही तर काय! आणि पाण्याचं तर बाबांना वावडंच. कारखान्यातला संडास लांब आणि घाणेरडा, म्हणून ते दिवसभर पाणीच प्यायचे नाहीत. वीस वर्षं! दुखण्याचं मूळ तिथेच होतं आणि बाबा उपाय स्टेशनवरच्या अंगठीत शोधत होते.

त्या दिवसापासून इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी, आणि मी समोर उभी. डब्याबरोबर पाण्याच्या दोन बाटल्या. परत आल्यावर बाटल्या उलट्या करून दाखवायच्या. बाबा म्हणायचे, "सासरी जा बाई लवकर!"

मग टब आणायला गेले. कोमट पाण्यात बसायला घरात होती ती बादली आणि पितळी परात, दोन्ही कामाची नाहीत. बाजारातल्या दुकानदाराने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि बाळाला आंघोळ घालायचा गुलाबी टब पुढे केला. तोच मापाचा होता! मी तो डोक्यावर घेऊन भर दुपारी आमच्या गल्लीतून आले. लग्न महिन्यावर आणि नवरीच्या डोक्यावर बाळाचा टब. गल्लीत जे काय हसू पिकलं ते विचारू नका.

सगळ्यात आधी धावत आली ती समोरची सिंधी काकी. तिच्यापासून काही लपणं शक्यच नव्हतं, म्हणून मी खरं सांगून टाकलं. ती दारातच बसली आणि पोट धरून हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "अरी, इसमें शरम क्या? मेरे घरवाले को भी थी. अदा को बोल, मेरे घर का पापड बंद. साई भाजी मैं भेजूँगी." बाबांना ती अदा म्हणायची, म्हणजे भाऊ. साई भाजी म्हणजे पालक, चुका, चणाडाळ, थोडं गाजर, असं सगळं एकत्र शिजवून घोटलेलं. दुसऱ्या दिवसापासून ती वाडगाभर येऊ लागली. "भाजी खाली, वाटी वापस," असा तिचा दम होता, आणि बाबांना आईपेक्षा तिचीच जास्त भीती वाटायची.

आता राहिलं सुरण, मूळव्याधीवर सगळे सांगतात ते. बदलापूरच्या पलीकडे एका गावात माझी आत्या शेती करायची. मी रविवारी तिच्याकडे थडकले. तिने घराच्या मागून हे एवढं मोठं, मातीने माखलेलं सुरण काढून माझ्या पिशवीत टाकलं. म्हणाली, "दादाला ह्याच दे. पन आमसुला घाल गो भरपूर, नायतं घसा धरल." मी ताकाबरोबर सुरणाची भाजी सुरू केली. कधी भाजून, कधी उकडून, आमसूल घालून. पाव बंद, ज्वारीची भाकरी सुरू. रात्री भिजवलेले अंजीर सकाळी. सुरणाने किती, पाण्याने किती, कोण जाणे, पण पंधराव्या दिवशी सकाळी बाबा अंगणात सायकलवर टांग टाकून बसले! मी खिडकीतून ओरडले, "आई, बाबा बसले!" गल्लीला वाटलं, काय झालं.

अर्धी लढाई जिंकली आणि केळवणं सुरू झाली. लग्नाआधी नवरीला आणि तिच्या आईबापाला घरोघर जेवायला बोलावतात ना, ते. आमच्याकडे तर रांगच लागली. प्रत्येक घरी पुऱ्या, भजी, झणझणीत रस्सा, श्रीखंड. आणि आग्रह! "घ्या हो, एक पुरी, माझी शपथ." नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं? बाबांचा जीव गेला असता पण खरं कारण बाहेर आलं नसतं. पहिल्याच घरी, मावशीकडे, पुऱ्यांचं ताट पुढे आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांचा नवस आहे. माझं लग्न होईपर्यंत तळलेलं, तिखट सोडलंय त्यांनी."

मग मावशी डोळे पुसत म्हणाली, "बाप असावा तर असा!" बाबांच्या ताटात वरणभात आणि काकडीची कोशिंबीर आली. तेव्हापासून जिथे जाऊ तिथे आमच्याआधी नवस पोचलेला असायचा. आई मात्र बेचैन. "देवाच्या नावावर खोटं बोललीस," म्हणाली. शेवटी तिने सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन तोच नवस खराखुरा बोलून टाकला आणि स्वतःही तळलेलं सोडलं. त्यामुळे माझं खोटं निम्मं तरी खरं झालं.

शेवटचं केळवण शिरगावात, खुद्द सासरी. याचीच आम्हाला भीती होती. सासूबाईंनी नवस ऐकलेला होता, त्यांनी बाबांसाठी वेगळं केलं होतं. पाहते तर आमसूल घातलेली सुरणाची भाजी आणि ताकाचा तांब्या! बाबांच्या हातातला घास तिथेच थांबला. समोर सासरे गालातल्या गालात हसत होते. जेवण झाल्यावर ते बाबांना मागच्या अंगणात घेऊन गेले. आम्ही बायका कान टवकारून बसलो. थोड्या वेळाने दोघांच्या हसण्याचा असा गडगडाट झाला की सासूबाईंच्या हातून सुपारी सांडली. परत आल्यावर सासऱ्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक अंगठी बाहेर काढली. काळपट, वेडीवाकडी. तशीच!

"याद्यांच्या दिवशीच तुमच्या बोटात पाहिली मी," ते म्हणाले. "म्हटलं, हा माणूस आपल्यातला. मग मला बसवेना. मी पण दोन वर्षं असाच उभा होतो."

म्हणजे त्या दिवशी भिडेपोटी नव्हे, तर पुरतं समजून ते उठले होते! मला सासर तिथेच आवडून गेलं. नवरा नंतर आवडला.

लग्नाच्या दिवशी पाटावर चौपदरी गोधडी घातलेली होती. ती सासऱ्यांनी घरून आणली होती आणि "आमच्याकडे अशीच पद्धत आहे" असं गुरुजींना ठणकावून सांगितलं होतं. काका-काकू पुण्याहून आले होते, ते पहिल्या रांगेत बसले. बाबा सोवळं नेसून आले, पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मांडी घालून बसले. आई शेजारी. मी मंत्र ऐकतच नव्हते, बाबांचा चेहरा वाचत होते. कपाळावर आठी नाही. ओठ दाबलेले नाहीत. माझ्या हातावर त्यांचा हात आला, त्यावरून पाण्याची धार पडली. मला नाचावंसं वाटत होतं! समोर हॉलच्या दाराशी सिंधी काकी दोन्ही हात वर करून मला खुणावत होती.

कन्यादान आटोपलं. गुरुजी म्हणाले, "यजमान, तुमचं झालं. उठा आता, होमाची तयारी करू."

बाबा उठले नाहीत.

गुरुजींनी पुन्हा सांगितलं. आई उठून बाजूला झाली. बाबा खाली मान घालून तसेच बसलेले. इतकं करून शेवटी दुखलंच! मी मुंडावळ्या बाजूला सारून वाकले आणि त्यांच्या कानाशी विचारलं, "बाबा, दुखतंय का? काकांना बोलावू का धरायला?"

त्यांनी मान हलवली. डोळे भरलेले होते.

"दुखत नाही गं मुळीच," ते म्हणाले. "उठलो की तू गेलीस ना."

मी गुरुजींना म्हटलं, "थांबा जरा. बसू द्या त्यांना."