रिकाम्या खोक्याचं पार्सल

...तर वहिनीने ते खोकं कानाशी धरून हलवलं, आणि आत काही म्हणता काही वाजलं नाही. इथवर आलो होतो काल.

ही माझ्या थोरल्या भावाची बायको. पार्सलच्या दुकानात खिडकीशी बसून सामान खाकी कागदात बांधून द्यायची. स्वभाव असा, की नवऱ्याने आणलेली साखरही आधी चाखणार, मग डब्यात भरणार!

गिऱ्हाईक होता एक निवृत्त भूमापक. सारखा बंद खोकं घेऊन यायचा. "सावकाश बांधा, घाई नाही." पाठवणारा तोच, घेणाराही तोच! वहिनी नखाने घडी दाबायला लागली की याचे डोळे मिटायचे, चेहरा लोण्यासारखा व्हायचा. पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिने ताडलं. खिडकीवरची आधीची बाई आत काय ते न बघता बांधलेल्या अशाच एका पार्सलापायी नोकरीला मुकली होती.

शेवटी तिने त्याच्यादेखत कात्री चालवली. आत वर्तमानपत्राचे बोळे!

"हे काय हो?"

तो कानापर्यंत लाल. "बाई, तुम्ही कागद दुमडता ना, तेव्हा टाळूपासून पाठीपर्यंत गोड शिरशिरी उतरते. तेवढ्यासाठी येतो."

"मला काय दूधखुळी समजलात?"

घरी येऊन तिने लेकीला गाठलं. लेक इस्पितळात मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रावर कामाला.

"खरं असतं गं आई. हलक्या आवाजाने काहींना तसं होतं. सुख वाटण्याच्या, माया वाटण्याच्या जागा मेंदूत जाग्या होतात, हृदयाचे ठोके संथ पडतात. माकडं एकमेकांचे केस चिवडत बसतात ना, त्यातलंच काही असावं म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"मग जन्मभर कागद दुमडून मला कशी नाही झाली शिरशिरी?"

"सगळ्यांना नाही होत."

"बघा! सोयीचा आजार!"

"आजार नाहीच तो."

"मग तर जास्तच सोयीचा."

मी हसून लोटपोट. म्हटलं, "वहिनी, आता मालकाच्या कानावर घालणार, की येऊ देणार बिचाऱ्याला?"

वहिनीने पदर खोचला. म्हणाली, "मेंदूचं पटलं हो भावोजी, माणसाचं अजून बघायचंय. येऊ दे त्याला, पण खोकं माझ्यापुढे उघडायचं, बोळे एकेक करून दाखवायचे, मगच मी कागदाला हात लावीन."