आईची खोली रस्त्याच्या बाजूला

सुलोचनाबाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरमध्ये आमचे सामान नुकतेच उतरले होते आणि मी लोखंडी कपाट लावून घेत होते. शेजारच्या बाई पाण्याची कळशी घेऊन आल्या, कळशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "खिडकीसमोर काऊन ठेवून राह्यल्या?"

"दुसरी भिंत रिकामी नाही," मी म्हटले. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, विचारल्याशिवाय बोलायचे नाही या शिस्तीतली. न विचारता दिलेला सल्ला मला तेव्हाही सोसत नसे, आजही सोसत नाही.

"भिंतीचं राहू द्या. तुम्ही कुठी बसान, ते पाहा आधी."

मग आम्ही दोघींनी मिळून ते कपाट ढकलले. माझे यजमान चहाचा कप धरून, बाजूला सरकत, देखरेख करत होते. बाई स्थापत्य अभियंता आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळले. घरात आधी माणूस बसवायचा आणि मग भिंती, ही त्यांच्या कामाची रीत मात्र मला त्याच दिवशी कळली होती.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे 'चार गोड शब्द' मागितले आहेत. गोड शब्द इतर लेखक देतीलच. मला एक तातडीचे सांगायचे आहे. बाईंचे चिरंजीव अविनाश चंद्रपुरात नवे घर बांधायला काढत आहेत आणि त्याच्या नकाशात बाईंची खोली सर्वांत मागे, बोळाच्या टोकाला काढली आहे. पाया खणायला अजून अवकाश आहे, म्हणूनच हे छापून यायला हवे.

निवृत्तीनंतर बाईंनी गोंडपिपरीकडच्या गावांत कितीतरी घरांचे नकाशे करून दिले. त्यातले एक आमचे. यजमानांचा जन्म तिकडच्याच एका गावातला, पण नोकरी सारी क्वार्टरमध्ये गेलेली. त्यामुळे त्यांनी क्वार्टरचाच नकाशा मोठा करून गावच्या जागेवर ठेवला. समोर सोफ्याचा हॉल, मागे खोल्या, आणि अगदी शेवटी, धानाच्या कोठीला लागून, माझ्या सासूबाई. सपरी नाहीच. घराच्या पुढच्या पडवीला आमच्याकडे सपरी म्हणतात. जुन्या घरात सासूबाई सकाळची कामे आटोपली की सपरीत येऊन बसत आणि अख्ख्या गावाची हजेरी घेत. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

बाईंनी जागेवर चुन्याच्या फक्कीने खोल्या आखल्या आणि फर्मान काढले की प्रत्येकाने एक दिवस आपापल्या चौकटीत काढायचा. माझा स्टोव्ह माझ्या चौकटीत, यजमानांची खुर्ची त्यांच्या. दीर हसत होते, "वहिनी, दार ढकलून या बरं!" सासूबाई आपल्या चौकटीत थोडा वेळ बसल्या. मग चटई उचलून सरळ रस्त्याकडे, सोफ्याच्या जागेवर जाऊन बसल्या. यजमानांनी त्यांना परत नेऊन बसवले. त्यांनी पुन्हा चटई उचलली.

"आई, तुझी खोली तिकडं आहे."

"तिथी मले कोन दिसते? धानाचे पोते?"

दीर म्हणाले, "म्हातारी समोर अन् पाहुणे मागं? लोक हासतीन ना भाऊ!"

"हासू द्या," बाई म्हणाल्या. "पाहुणे चहा पिऊन जातीन. हिले इथीच राहाचं हाये."

यजमान चिडले. घर आपले, पैसा आपला, असे काहीसे बोलले. बाईंनी शांतपणे छत्री उघडली. "मंग दुसरा इंजिनिअर पाहा. म्हातारीले कोठीपाशी ठेवाच्या नकाशावर माही सही होत नाई." आणि त्या खरोखरच बसस्टँडकडे चालू लागल्या. त्यांना परत आणायला यजमानच गेले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

सासूबाईंची खोली समोर झाली. शेजारीच न्हाणीघर, आणि खिडकी इतकी खाली की खाटेवर बसल्या-बसल्या त्या मासे विकणाऱ्या ढिवरणीशी घासाघीस करत. "काल मेलेले मासे मले देतं काय व?" असा पुकारा झाला की आमचा हॉल मागच्या बाजूला असूनही घरभर ऐकू येई. शेवटच्या आजारपणातही कोणी रस्त्याने गेले तर त्या मान वळवत. "आजीला बाहेरच्या खोलीत ठेवलंय?" असे नाक मुरडून विचारणाऱ्या पाहुण्यांना मी काय उत्तर देत असे, ते या ग्रंथात छापण्याजोगे नाही.

अशा बाई स्वतःच्या खोलीबद्दल मात्र गप्प आहेत. मी विचारले तर म्हणाल्या, "राहू द्या व. पोरानं मायेनंच काढली. त्याचं मन कायले मोडाचं?" सही न करता उठून जाणाऱ्या बाईंच्या तोंडून हे ऐकून माझा संताप झाला. मी तशीच अविनाशकडे गेले.

"मावशी, मागे शांत आहे. आवाज नाही, धूळ नाही. आईने सारं आयुष्य उन्हातान्हात साइटवर काढलं, आता तिला आराम नको?"

"आराम हवा. पण तिने तो मागितला कधी? तू विचारलंस?"

वाईट मुलगा नाही तो. आईसाठी महागडी गादी शोधतो आहे. पण समोरची खोली त्याने गाडीला दिली आहे, आणि गाडीला रस्त्यावरची माणसे पाहायची नसतात.

म्हणून वाचकांना विनंती. सत्काराच्या दिवशी तुम्ही शाल घेऊन मंचावर चढाल, तेव्हा अविनाश आईच्या शेजारीच उभा असेल. शाल बाईंच्या खांद्यावर घाला, आणि त्याच्या कानात सांगा: आईची खोली समोर घे. एकाचे तो हसण्यावारी नेईल, सगळ्या सभागृहाचे नेता येणार नाही.

बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे चालोत, नजर शाबूत राहो, आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारण्याइतका आवाज खणखणीत राहो. मी रोज संध्याकाळी तुमच्याकडे येणार आहे, आणि बोळ ओलांडून मागे यायची माझी तयारी नाही.