आठ गाण्यांच्या आल्बमचा दहावा दसरा

हिंगोली शहर व पंचक्रोशीतील तमाम रसिक बंधू-भगिनींना, व्यापारी-अडत्यांना आणि एसटी स्टँडसमोर काही काम नसताना उभ्या असणाऱ्या सर्व मान्यवरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, या जिल्ह्याच्या पहिल्या, शेवटच्या आणि एकुलत्या एक हिप-हॉप आल्बमला यंदाच्या दसऱ्याला दहा वर्षं पूर्ण झाली. शासनाने त्या दिवशी सुट्टी दिली, पण ती दसऱ्याची. चाहत्यांचा मेळावा मात्र झाला. उपस्थिती शंभर टक्के होती. चाहते तिघं, आणि तिघंही आले.

तिघांची ओळख करून देतो. पहिला मी, सरकारी कचेरीत टपालाची आवक-जावक पाहणारा, पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला. दुसरे एक गुरुजी, शाळेत मराठी शिकवतात आणि शाळेबाहेरही शिकवतात. तिसरा मोबाइलचा दुकानदार. त्याला आम्ही शेठ म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

आता आल्बमवाले. ते दोघं बेंजो पार्टीत होते. आमच्याकडे लग्नाच्या वरातीपुढं बेंजो, ढोल, ऑक्टोपॅड आणि भोंगे लावलेला गाडा चालतो, ती बेंजो पार्टी. त्यातला एक गाणारा, मूळचा साखऱ्याचा. दुसरा ऑक्टोपॅड बडवणारा. लग्नसराईत दोघं दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. पण चातुर्मासात लग्नं बंद, गाडा शेडमध्ये, भोंग्यात चिमण्यांची घरं. त्या रिकाम्या दिवसांत दोघांनी शेडच्या पत्र्याला आतून गाद्या टांगल्या आणि जोडधंदा म्हणून आठ गाणी केली. गाणी म्हणजे काय, बोलणं. ठेक्यावर, दम न घेता, झपाझप.

हे गाणाऱ्याला कुठून सुचलं म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"भाऊ, मोंढ्यात हळदीचा लिलाव ऐकला न्हाई काय कधी?" तो म्हणाला. "बापासंग पोत्यावर बसून मी तेच ऐकलं लहानपणी. खाली फक्त ऑक्टोपॅड टाकला."

पहिल्या गाण्याच्या ओळी मला आजही झोपेतून उठवून विचारा:

"हळद शिजली, हळद वाळली, हळद गेली ढोलात,
आमचा भाव ठरून राहिला दुसऱ्याच्याच बोलात."

हा ढोल वरातीतला नव्हे, हळद घासून चकाकवतात ते फिरतं पिंप.

बेंजो पार्टीच्या मालकानं हे ऐकलं आणि विचारलं, "हे गाणं हाय का भांडण?" आल्बमची छापून न आलेली एकमेव समीक्षा ती. गुरुजींनी मात्र त्या दिवशी मालकाला चहाच्या टपरीवर यमक समजावून सांगितलं. मालक पुन्हा त्या टपरीवर दिसला नाही.

दुसरं गाणं एसटीचं होतं. स्टँडवर गाड्या पुकारतात त्या चालीत: "औंढा, औंढा, सेनगाव, साखरा, जागा न्हाई, उभं ऱ्हा लेकरा." हे सुरू झालं की शेठ दुकानाच्या फळीवर उभा राहून कंडक्टरसारखी घंटीची दोरी ओढायचा. दोरी नव्हतीच. चार्जरच्या वायरी होत्या. दोन तुटल्या.

आल्बमचं प्रकाशन शेठच्याच दुकानात झालं, दसऱ्याच्या दिवशी, नारळ फोडून. त्या वेळी गाणी मेमरी कार्डात भरून मिळायची. माणूस फोन घेऊन यायचा, काय पाहिजे ते सांगायचा, शेठ भरून द्यायचा. महिनाभर शेठनं न मागता प्रत्येकाच्या कार्डात ही आठ गाणी घातली. भजनं मागायला आलेल्या म्हाताऱ्यांच्याही. लोक तक्रार घेऊन यायचे, "शेठ, माझ्या फोनमंदी कुणीतरी वरडून राहिलं." शेठ म्हणायचा, "ती कला हाय."

नेटवर मात्र त्यानं ती कधी टाकली नाहीत. मी म्हटलं, गुरुजींनी म्हटलं. शेठचं म्हणणं एकच, "नेटवर टाकलं की लोक फुकट ऐकतील, मग दुकानात काहून येतील?" पुढं नेटच फुकटात आलं, मेमरी कार्डं गेली, शेठ कव्हरं आणि काचा विकायला लागला. ऑक्टोपॅडवाला पुण्याकडे कंपनीत लागला. गाणारा पुन्हा वरातीत गायला लागला. आल्बम संपला. आम्ही तिघं उरलो, टपरीवर बसून त्या ओळी म्हणणारे.

आता हसण्याचा भाग संपत आला, हे मी आधीच सांगून ठेवतो.

गाणाऱ्याला गुटख्याची सवय होती. वरातीत सगळ्यांनाच असते. तोंड हळूहळू आखडत गेलं. आधी मोठा घास जाईना, मग दोन बोटं जाईनात, मग एकच. बेंजो पार्टीनं माईक दुसऱ्या पोराला दिला आणि याला जनरेटर सांभाळायला ठेवलं. ज्याच्या जिभेला लिलाव पुरत नव्हता, तो दात मिटून, शब्द गाळून गाळून बोलायला लागला. या पावसाळ्यात जिभेला जखम निघाली. नांदेडला तपासण्या झाल्या. दिवाळीआधी ऑपरेशन, जीभ काढावी लागणार, अर्धी का सगळी ते आत गेल्यावर.

दसऱ्याच्या आठेक दिवस आधी तो टपरीवर आला. चहा थंड करून, कडेकडेनं ओढत बसला. मग मला म्हणाला, "भाऊ, एक काम होतं."

"बोल की."

"पोरीनं माझा आवाज ऐकलाच न्हाई." त्याची मुलगी आल्बमनंतरच्या वर्षी झालेली, आता चौथीत. "तिला समजायला लागलं तवापासून माझं हेच. हा तोंडाचा आवाज न्हाई, भाऊ, हा दाताचा हाय. आता हाही जाऊन राहिला. नांदेडला जायच्या आधी तेवढा आल्बम वाजवा तिच्यापुढं. माझा फोन तर वरातीतच गेला. तुमच्यापाशी असंलच ना?"

"असंल ना?" मी छाती फुगवून म्हटलं. "अरे, चाहते कशाला झालो आमी!"

गुरुजींनी मान डोलावली. शेठनं तर टेबलावर हात मारला. तिघांपैकी प्रत्येकाला खात्री होती की उरलेल्या दोघांकडे आल्बम आहे.

त्या आठवड्यातलं आमचं शोधकार्य हा खरं तर नाटकाचा विषय आहे, तीन अंकी आणि तिन्ही अंकांत पडणारं. गुरुजींच्या कार्डावर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. फोटोंना कार्डावर जागा कमी पडली म्हणून जावयानं "हा आरडाओरडा" पुसला होता. गुरुजी जावयाला काही बोलले नाहीत, पण दसऱ्याला त्याला फोनही केला नाही. मी माळ्यावरून जुना फोन काढला. बॅटरी फुगून पुरीसारखी झालेली. कार्ड शाबूत. कचेरीतल्या कॉम्प्युटरला लावलं तर आठही नावं ओळीनं दिसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकावर बोट दाबलं, काही नाही. दुसऱ्यावर, काही नाही. आठही नावं जागच्या जागी आणि आत आवाज नाही. गाणी ज्या कॉम्प्युटरवर भरली होती तो ऑक्टोपॅडवाल्याचा; पुण्याहून तो फोनवर म्हणाला, "तो कॉम्प्युटर? मामा, तो तर भंगारात दिला."

दसऱ्याच्या सकाळी शेठ सापडला. म्हणजे शेठला सापडलं. दुकानाच्या पोटमाळ्यावरच्या एका हार्ड डिस्कमध्ये आठही गाणी होती. त्यानं आम्हाला दुकानात बोलावलं, पहिलं गाणं लावलं, आणि ऑक्टोपॅडचा तो पहिला ठेका आला. धा-धडाम, धा-धडाम. गुरुजी नाचले. मराठीचे गुरुजी, धोतराच्या वयाचे, पँटमध्ये नाचले. शेठनं तिथंच बंद केलं. "बस! पुढचं पोरीसमोर!" म्हणून आम्ही स्पीकर उचलला, आपट्याची पानं खिशात घातली आणि निघालो.

गाणाऱ्याचं घर रेल्वे फाटकापलीकडे, दोन खोल्या. दाराला झेंडूचं तोरण. तो नवा शर्ट घालून बसला होता, दाढी करून, केस बसवून, जसा वरातीत गाड्यावर उभा राहायचा तसा. बायकोनं सतरंजी टाकलेली. मुलगी त्याच्याजवळ, दोन वेण्या, मांडीवर हात. आम्ही सोनं म्हणून आपट्याची पानं दिली, त्यानं आमच्या पायाला हात लावला. मुलीनंही लावला.

"आज तुझ्या बापाचा आवाज ऐकायचा बरं का," मी नाटकी आवाजात म्हटलं. "लिलाव करायचा हा! अख्खा मोंढा गप!"

मुलगी बापाकडे बघून हसली. त्यानं मान खाली घातली. शेठनं स्पीकर लावला.

धा-धडाम, धा-धडाम. मग तो श्वास, गाण्याआधीचा, जो मला आठवत होता. आणि मग:

"ऐका, ऐका, ऐका! हिंगोलीच्या काळजाचा ठोका!" पाठोपाठ शेठच्या दुकानाचं नाव, गल्लीचं नाव, आणि वाघाची डरकाळी.

मी शेठकडे पाहिलं. शेठचा चेहरा हळूहळू उतरत होता. आल्बम गाजावा म्हणून त्यानं तेव्हा एका डीजेवाल्याकडून या गाण्यांचं वरातीसाठी मिक्स करून घेतलं होतं. आमच्याकडचे डीजेवाले मिक्सवर आपली नाहीतर गिऱ्हाइकाची जाहिरात ओरडून टाकतात, दर चार ओळींनी, म्हणजे कुणी चोरायला नको. मिक्स शेठला इतकं आवडलं की जागा होईना तेव्हा त्यानं मूळ गाणी पुसून टाकली. "मिक्स त्याच्याहून भारी होतं ना, भाऊ," तो पुटपुटला. वरातीत आम्ही हेच शंभरदा ऐकलं असणार. पण वरातीत कोण काय ऐकतं?

हळद शिजली, हळद वाळली, आणि सायरन. डरकाळी. दुकानाचं नाव. त्याचा आवाज यायचा, दोन शब्द, स्वच्छ, सुरीसारखा, आणि त्यावर लगेच कुणीतरी ओरडायचं. मध्येच ऑक्टोपॅडवाल्याचीही ओळ यायची, कारण आल्बमवर दोघंही बोलतात.

तेव्हा गुरुजींना सुचलं. वाघ आला की गुरुजी मोठ्यानं ओळ म्हणायला लागले, म्हणजे पोरीला शब्द तरी कळावेत. चांगली कल्पना होती. मीही लागलो. शेठ तर अपराधी होता, तो सगळ्यात मोठ्यानं. "आमचा भाव ठरून राहिला दुसऱ्याच्याच बोलात!" मी म्हणालो. "मोलात!" गुरुजी म्हणाले. "बोलात, गुरुजी!" "अहो, मोलात! भावाला मोल!" तिकडं वाघ ओरडतोय, इकडं आम्ही तिघं उभे राहून हातवारे करतोय, घाम निथळतोय. मजा यायला लागली. खोटं कशाला बोलू, दहा वर्षांनी ती गाणी वाजत होती आणि आम्ही ती म्हणत होतो, त्या चार मिनिटांत मी इथं कशासाठी आलोय ते विसरलो. "औंढा, औंढा, सेनगाव, साखरा!" शेठनं दोरी ओढली. या वेळी तोरण तुटलं.

गाणाऱ्याकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हा. तो स्पीकरकडे पाहत नव्हता. मुलीकडे पाहत होता. आणि ओठ हलत होते, त्या मिटल्या दातांमागं, प्रत्येक शब्दावर बरोबर, एकही न चुकता. सगळी आठ गाणी तोंडपाठ होती त्याला. आवाज तेवढा येत नव्हता.

मुलगी गुडघ्यावर सरकत स्पीकरजवळ गेली होती. डोकं वाकडं करून, जाळीला कान लावून ऐकत होती. कपाळाला आठी, जशी गणित सोडवताना असते. ती एकदा शेठकडे बघायची, एकदा गुरुजींकडे, एकदा जाळीकडे. फार प्रयत्न करत होती बिचारी.

मी गुरुजींचा हात दाबला. गुरुजी थांबले. शेठ थांबला. स्पीकर एकटाच चालू राहिला: एक आवाज, दुसरा आवाज, सायरन, वाघ, पुन्हा एक आवाज.

मुलीनं मान वर केली आणि बापाला विचारलं, "पप्पा, यातले तुमी कोणते?"