संत्र्याच्या वाइनसाठी अकोल्याला दोनदा

पुण्याच्या लष्कर भागातल्या एका दुकानात मी नऊ वर्षं विलायती वाइन विकली आणि विकता विकता चव घ्यायलाही शिकलो. पुढे त्यावर एका मासिकात सदर लिहू लागलो. म्हणून अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांचं निमंत्रण आलं, तेव्हा नाही म्हणायला कारण सापडेना. त्यांनी वऱ्हाडी संत्र्यांची वाइन करवून घेतली होती. अशा विषयांवर लिहिणाऱ्यांची परिषद भरणार होती: दिवसा चव घेण्याच्या बैठका, संध्याकाळी मेजवानी आणि प्रत्येक पदार्थाला जोडीची वाइन. निघताना बायको म्हणाली की जानेवारीत तिकडे थंडी कडक असते, शाल घ्या. परिषदेबद्दल मला मिळालेली उपयोगी माहिती एवढीच.

पुण्याहून कल्याण, तिथून नागपूरची गाडी, मग बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या फाट्याची गाडी. कोणी जाणार असाल तर बडनेऱ्याला फाट्याच्या गाडीची वाट बघत बसू नका. बाहेर टांगे उभे असतात, तासाभरात पोचवतात. मी तिकीट आधीच काढलं होतं, म्हणून हट्टाने अडीच तास बाकावर बसलो.

पहिल्या बैठकीत बापूसाहेब तासभर बोलले. मग मदिरेवर कविता करणारे एक कवी बोलले. त्यांनी आयुष्यात थेंबही घेतला नव्हता, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं. अखेर पेले आले. मी वास घेतला, घोट घेतला. संत्र्याचं सरबत होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की वाइनची पिंपं अकोल्याला आहेत, नागपूरहून आलेला अबकारी परवानाही अकोल्यापुरताच आहे, आणि ही गोष्ट बापूसाहेबांना निमंत्रणं धाडण्यापूर्वीपासून ठाऊक होती. पाहुण्यांना अमरावतीही दिसावी, असं त्यांचं म्हणणं पडलं.

संध्याकाळच्या पानाशेजारी छापील यादी होती. पाटोडीचा रस्सा, जोडीला वाइन क्रमांक दोन. वांग्याची भाजी, जोडीला क्रमांक तीन. क्रमांक बदलत होते, सरबत तेच. रस्सा मात्र असा झणझणीत की डोळ्यांतून पाणी यावं. परिषदेत मी पुन्हा मागून घेतलेली ती एकच गोष्ट.

जेवणं होताच एक कागद फिरला. आम्ही ही वाइन चाखली असून ती उत्तम आहे, असा मजकूर, खाली सह्यांसाठी जागा. मी म्हटलं, अजून चाखलेली नाही. बापूसाहेब हसून म्हणाले, उद्या चाखणारच आहात, पत्रक छापायला वेळ लागतो. सगळ्यांनी सह्या केल्या. मी दमलो होतो, जीभ भाजली होती, यजमानांचं मीठ खाल्लं होतं. मीही सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला अकोल्याला नेलं. म्हणजे ज्या स्टेशनावरून आदल्याच दिवशी मी पुढे आलो होतो, तिथेच उलटा आलो. एका जिनिंग कारखान्यामागच्या गोदामात सहा पिंपं मांडली होती आणि शेजारी धोतर-टोपीतला एक उंच माणूस उभा होता. त्याची ओळख कोणी करून दिली नाही. ती मीच विचारून घेतली. ते किसनराव, अचलपूरकडचे माळी. संत्री त्यांच्या बागेची आणि रस आंबवलाही त्यांनीच. छोट्या गाडीने मूर्तिजापूर आणि तिथून अकोला, असे ते पहाटेच निघून आले होते.

पहिल्या घोटालाच कळलं. वाइन अजून आतून उकळत होती, जिभेला चावत होती. खामगावचे एक वैद्य म्हणाले, पाचक आहे. कवींनी शपथ मोडून घोट घेतला आणि डोळे मिटले. मी पद्धतीप्रमाणे घोट कोपऱ्यातल्या बादलीत थुंकलो. किसनराव माझ्याजवळ आले.

"तुमी कावून थुकलं?"

मी म्हटलं, चव घेणारे थुंकतातच.

"मंग बाकीचे कावून नाई थुकले?" त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. "मले खरं सांगा साहेब. बिघडलं का हे?"

"बिघडलेली नाही, कच्ची आहे," मी म्हणालो. "बाटल्या होळीनंतरच भरायला हव्यात."

"मी बी तेच सांगतलं होतं. वकीलसाहेबाईले परिषदेची घाई. आता लोक पितीन अन् म्हणतीन, संत्रंच खराब. माह्या बागेचं नाव जाईन."

मी बापूसाहेबांना गाठून सही परत मागितली. त्यांनी आधी थट्टेवारी नेलं, मग पाहुण्याची रीत शिकवली, शेवटी सांगितलं की मजकूर रात्रीच इथल्या छापखान्यात धाडला होता, तो जुळवून झाला आहे. तिकडे दुपारची जोडीची पंगत मांडली जात होती. मी ती सोडून टांगा केला. किसनरावही न विचारता चढून बसले.

छापखान्याचे मालक म्हणाले, वकिलांच्या चिठ्ठीशिवाय एक अक्षर हलणार नाही. तासभर मी तेच ते बोलत राहिलो. मग त्यांच्यापुढचा कच्चा छाप ओढून मी त्यावर लिहिलं की ही सही चाखण्यापूर्वीची आहे, चाखल्यावर मी ती मागे घेतो. आणि सांगितलं की पत्रकात माझं नाव आलं, तर सही कशी घेतली तेही मासिकात येईल. त्यांनी ते दोनदा वाचलं, किसनरावांकडे पाहिलं आणि माझ्या नावाचे खिळे काढायला सांगितलं.

मग आम्ही स्टेशनजवळच्या खानावळीत भाकरी आणि ठेचा खाल्ला. किसनरावांनी पिशवीतून संत्री काढली. पाहुण्यांसाठी आणली होती, कोणी विचारलंच नव्हतं. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडात काहीतरी नीट पिकलेलं आलं.

परतीची सोय बापूसाहेब करणार होते, ती अर्थातच झाली नाही. तिसऱ्या वर्गात, शाल गुंडाळून, अर्धा रस्ता उभ्याने मी पुण्याला आलो. लेखात लिहिलं, फळ अव्वल, वाइन घाईची. बापूसाहेबांनी जाहिरात कबूल केली होती म्हणून संपादक कुरकुरले, पण चार विशेषणं कापून त्यांनी तो छापला. बापूसाहेबांचं पत्र आलं. त्यात कृतघ्न हा शब्द तीनदा होता.

चैत्रात किसनरावांचं कार्ड आलं, गावातल्या मास्तरांच्या अक्षरात. चार पिंपांच्या बाटल्या दुकानांतून परत आल्या. उरलेली दोन पिंपं कुलपात तशीच राहिली होती. आता ती उघडली तर चव जमली आहे, आणि पुढच्या वर्षी होळीपर्यंत थांबायचं वकीलसाहेबांनी कबूल केलं आहे. ते पुन्हा परिषद भरवणार आहेत, पण तुमचं नाव यादीत नाही.

परिषद चुकणार याचं मला काडीचंही दुःख नाही. त्या दोन पिंपांतली वाइन मात्र मी अजून चाखलेली नाही, आणि हे रोज एकदा तरी आठवतं.