फुलाफुलांच्या कव्हराखालचं गुपित

परवा फोनवर तुम्ही दोघींनी मला डार्क वेब समजावून सांगितलंत. तिथे चोरलेले पासवर्ड भाजीसारखे विकायला मांडतात, तेव्हा आजी, तू जपून राहा. मी बरं म्हटलं. पण माझी खाजगी बातमी बाजारात गेली ती भर दुपारी, जव्हारच्या उजेडात, आणि कुणा चोराला त्यासाठी कष्ट पडले नाहीत. तुमची आई ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच बावळट असते, म्हणून माझ्याकडूनही ऐका.

तेव्हा तुमची आई नुकतीच परदेशी गेली होती आणि मी शाळेतून निवृत्त झाले होते. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात इंटरनेट आलं. कॉम्प्युटरवर सगळं इंग्रजी, आणि मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळे आपल्याला काही विचारावं लागणार नाही, अशी माझी खात्री. दुकानदार मदतीला उठला की मी म्हणायचे, "बसा तुम्ही. मला वाचता येतं."

पासवर्ड टाइप करताना मी पदराने कीबोर्ड झाकून घेई. पासवर्ड होता तुमच्या आईचं घरातलं लाडकं नाव, ज्या नावाने मी तिला लहानपणी याच बाजारात हाका मारत फिरले होते. काम झालं की पडद्याचं बटण बंद करायचं आणि वर मी स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घालायचं. घरचा टीव्ही असाच बंद होई. झाकलं म्हणजे मिटलं. मेलमधून बाहेर पडायला वेगळं बटण असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याला मी बसवून ठेवलं होतं ना.

एके दिवशी तुमच्या आईचा इंग्रजीत मेल आला. ती पुन्हा गरोदर होती. तिने लिहिलं होतं, मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि मग ते राहिलं नाही, हेही सगळ्यांना सांगावं लागलं. या वेळी फक्त तुला सांगते आहे. तिसरा महिना उलटला की सासूबाईंना मी स्वतः सांगेन. मागच्या वेळी त्या फार रडल्या होत्या.

मी डोळे पुसले, बटण बंद केलं, कव्हर घातलं, कोपरे सारखे केले आणि घरी आले.

माझ्यामागून त्या खुर्चीवर बसला माझाच जुना विद्यार्थी, दाभोशाच्या शाळेतला मास्तर. आपल्याकडे उघडं पत्र दिसलं की वाचायचं आणि चांगली बातमी असली की पोचवायची, ही रीत. संध्याकाळी तो दारात उभा.

"बाई, गोड बातमी वाचली. काळजी करू नका, कुणाला सांगायचं नाही हेही वाचलंय."

"मग कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. फक्त खोडाळ्याच्या जीपवाल्याला. त्यालाही बजावलंय, कुणाला सांगू नको म्हणून."

त्याला इंग्रजी वाचायला मीच शिकवलं होतं. तेही चांगलं.

दोन आठवडी बाजार झाले असतील नसतील, तोच खोडाळ्याहून विहीणबाई आल्या. पिशवीत घरच्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ. मी चहा ठेवला. तुमच्या आईने एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्या हातून गेली होती.

"पीठ कशाला आणलंत एवढं?" मी विचारलं.

"सहज. तिकडे कोण जाणारं असलं तर पाठवा. बाळंतिणीला... म्हणजे कुणालाही चांगलं असतं."

मी चहा गाळून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "बाजारात ऐकलेलं मी बाजारातच ठेवून येते. ती सांगेल तेव्हाच मला कळणार. तोवर तुम्हीही मला काही सांगू नका."

पुढे तुमच्या आईने त्यांना फोन केला. नंतर मला म्हणाली, "आई, सासूबाईंना इतका आनंद झाला, त्यांना बोलताच येईना." मी म्हटलं, "हो का."

थोरले, ती बातमी म्हणजे तू. तुला घेऊन तुझी आई जव्हारला आली तेव्हा आम्ही बाजारात गेलो. भाजीवालीने तुझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "तीन म्हैने पुरे होईतो आमी कोनी तोंड उघडला नाय, बाय. तुजे सासूलापन कोनी इचारला नाय."

तुमची आई माझ्याकडे वळली. "आई, तुझा पासवर्ड काय होता?"

मी वांगी निवडायला लागले. तेवढ्यात भाजीवालीने तिला तिच्या त्या लाडक्या नावाने हाक मारली आणि पिशवीत कोथिंबीर घातली.