मावशीच्या ओट्यावर रेंज होती

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळपासून दुपारपर्यंत.

मंचरला माझा मामा, तिचा धाकटा भाऊ, पहाटे वारला. नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडं. सगळ्यांचे फोन लागले, मावशीचा नाही. ती शिनोलीच्या वर, डोंगरातल्या वाडीत राहते. दर वेळी तेच रेकॉर्ड: ग्राहक नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. वाडीतल्या दुसऱ्या कुणाचा नंबर कुणाकडेच नव्हता. शेवटी मोटरसायकल काढली. भावकी म्हणाली, "मयत उचलायला दुपारपर्यंत थांबू. पण पाऊस बघ की राव, त्याच्यापुढं न्हाई जमायचं."

पोचलो, तर मावशीच्या ओट्यावर एक परदेशी ट्रेकर. चिखलाचे बूट काढून आरामात व्हिडिओ कॉलवर बोलत होता. पडद्यावर त्याची बायको, तिच्या मांडीवर पोर. मावशी कौतुकानं त्या पोराला हात हलवत होती.

"आरं, तू कसा काय आज? ह्यो पावना वाट चुकलाय बग. बस, भाकरी टाकते. मी न्हाई खायची, आज भावाचा उपवास हाय."

आता हिला कसं सांगायचं? सांगितलं. तशीच उठून गाडीवर मागं बसली. आम्ही पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतत होते.

दहाव्याला तिनं मला बाजूला घेतलं. "त्या परदेशातल्याचा लागत व्हता. तुझा का न्हाई लागला?"

मी दुकानात जाऊन विचारलं. मंचरच्या मोबाइलवाल्यानं सांगितलं. बाहेरच्या देशातलं कार्ड इथं पाहुणं. त्याच्या कंपनीचा इथल्या कंपन्यांशी रोमिंगचा करार असतो. जवळचा टॉवर त्याच्या घरच्या कंपनीला विचारतो, हा तुमचाच का? होकार आला की सेवा चालू. मावशीचं कार्ड मात्र इथलंच. वाडीसमोरचा टॉवर दुसऱ्या कंपनीचा, आणि त्या दोन कंपन्यांचा आपसात करार नाही. म्हणून टॉवर समोर उभा, पण तिला घेत नाही.

"पोर्ट करून टाका की भाऊ, नंबर तोच, कंपनी दुसरी, सोप्पंय," तो म्हणाला.

सोप्पं? मावशीचा दिवस खाली भाताच्या खाचरात जातो, आणि तिथं फक्त तिच्याच कंपनीची रेंज येते. कार्ड बदललं तर घरी लागेल, शेतात बंद.

मी मावशीच्या कंपनीकडं तक्रार केली. मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढली आहे. पुन्हा केली, पुन्हा तोच मेसेज. मोर्चाची पत्रकं वाटणारा, समोरासमोर भांडणारा कार्यकर्ता मी, पण मेसेजशी भांडायचं कसं? मावशीला आजही उत्तर दिलेलं नाही. टॉवरनं तुला ओळखलं आणि नाही म्हटलं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

मला तुमची हळहळ नको. आज फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क स्वतः निवडा. ते नाकारेल. त्या नकाराचा फोटो काढा, येत्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवा आणि ठराव मागा: जिथं आपल्या कंपनीची रेंज नाही, तिथं उभा असलेला टॉवर प्रत्येक कार्डाला खुला करा. ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.