अण्णाच्या ट्रकला लागलेली उचकी

आमच्या घरात एक ट्रक आहे आणि एक मी आहे. दोघांपैकी मान ट्रकला जास्त आहे, आणि ते योग्यच आहे.

ट्रक अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. निंबर्ग्याची तूर गुलबर्ग्याला पोचवायची हे त्याचं काम. माझं गावातच मोबाईलचं दुकान. कुठलीही वस्तू दिसली, की ही आतून कशी चालत असेल, हा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागतो. (लहानपणी मी आईचा रेडिओ आतून पाहिला. त्यानंतर तो नुसता पाहायचाच उरला.) याच किड्यापायी मी अण्णाच्या ट्रकसाठी एक काळी डबी मागवली. इंजिनाच्या वायरीत ती जोडायची. मग ती इंजिनाला गंडवते, डिझेल कमी पडतंय असं भासवते, आणि इंजिन बिचारं जास्त डिझेल पिऊन जास्त जोर लावतं. जोर किती हवा ते मोबाईलवरून ठरवायचं. बोट खाली सरकवलं की गाडी शांत, वर सरकवलं की पिसाळलेली!

"इंजिनला काय व्हनार न्हाई न्हवं?" अण्णानं विचारलं.

"काय व्हतंय अण्णा? मी हाय की!"

(हे ऐकून आई उठली आणि देवापुढं दिवा लावून आली.)

दुसऱ्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला, सुरेखाला, करजगीला सासरी पोचवायचं होतं. बाळंतपण आमच्याकडे झालेलं. बाळ पहिल्यांदाच आपल्या घरी निघालं होतं आणि तिच्या सासूबाईंनी बजावलं होतं, "बाराच्या आत नातवाचं पाऊल घरात पडलं पाहिजे!" मागं पाळणा, लाडूंचे डबे, आहेराचं गाठोडं. केबिनमध्ये अण्णा चालवायला, मागच्या बाकावर आई आणि सुरेखा, आणि अण्णाशेजारी मी, अंगभर तेल चोपडलेल्या भाच्याला छातीशी धरून.

गाव सोडलं आणि गाडी अचानक भुर्रकन उसळली. लगेच दम गेल्यासारखी बसली. पुन्हा उसळली, पुन्हा बसली!

"अण्णा, असं कामून चालवायलास?" आई ओरडली.

"मी काय करायलोय? माझा पाय हाललाबी न्हाई!"

गाडी बाजूला घेतली. बाळ आईकडे दिलं आणि मी उत्साहानं उतरलो. (खरं सांगतो, मला आनंदच झाला होता. असं कोडं रोज कुठं मिळतं?) डिझेलमध्ये पाणी असेल म्हणून फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाहिला. पाण्याचा थेंब नाही. इंजिन मात्र एका लयीत गुणगुणत होतं.

"उबी असली की बघ कशी गाईवानी हाय!" अण्णा म्हणाला.

मी बाळ घेऊन बसलो. गाडी निघाली. गाईचा पुन्हा बैल झाला!

दुसऱ्यांदा थांबून हवेच्या पाइपाचा पट्टा आवळला, हवेचा फिल्टर झटकला. हंगामभराची तुरीची धूळ माझ्या तोंडावर आली. बाळानं माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. निघालो, तर पुन्हा तेच! मागं लाडूच्या डब्याचं झाकण उडालं आणि लाडू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घरंगळू लागले.

"बाल्या, आधी ते डबडं काढ," अण्णा म्हणाला.

"असं न्हाई अण्णा. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, न्हाईतर कारण कसं कळनार?"

"मला कारण न्हाई पाहिजे, करजगी पाहिजे!"

अफजलपूर जवळ आलं होतं, ऊन चढत होतं. शेवटी तपास आईनं हातात घेतला. "एकेकजन उतरा," ती म्हणाली. सुरेखाला उतरवून अण्णानं गाडी थोडी पुढं नेऊन पाहिली. उचकी कायम. मग सुरेखाला बसवून आई स्वतः उतरली. उचकी कायम. मग आईनं बाळ आपल्याकडे घेतलं आणि मला उतरवलं. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी गेली! खात्रीसाठी मला परत बसवलं, बाळ मांडीवर दिलं. भुर्रकन!

"घावलं," आई म्हणाली. "उतर बाल्या."

"आई, अगं मानूस बसल्यानं इंजिन कसं बिघडंल?"

"ते मला काय ठाव? तू शिकलेला हाईस, तू शोध."

दार लागलं. ट्रक डौलात निघून गेला. मी बाभळीखाली उभा.

वेळ पाहायला शर्टाच्या खिशातला मोबाईल काढला, तर डबीचं ॲप उघडंच! सकाळी जोर बघितला होता, बंद करायचं राहिलं; आणि ते उघडं असलं की पडदा विझत नाही. काच तेलानं माखलेली. आणि माझ्या पातळ शर्टाच्या खिशावर पायाच्या इवल्या इवल्या बोटांचे तेलकट ठसे! मी बाळ छातीशी धरायचो, ते पाय झाडायचं. पाय वर गेला की गाडी उसळे, खाली आला की बसे. म्हणजे घरून निघाल्यापासून ट्रक अण्णा चालवतच नव्हता, माझा भाचा चालवत होता!

आनंदानं फोन लावला. "अण्णा! कारण घावलं!"

"आम्हालाबी घावलंय. आता तू बसनं ये."

बस काही आली नाही. शेळ्यांच्या टेम्पोतून करजगीला पोचलो तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते. बाळ मात्र वेळेत पोचलं होतं. मी सगळ्यांना खिसा दाखवून समजावलं.

"लाज वाटती का?" आई म्हणाली. "एवढ्याशा लेकरावर आळ घ्यायलास!"

तेवढ्यात सुरेखाच्या सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझं धुळीनं भरलेलं तोंड न्याहाळत त्यांनी विचारलं, "ट्रक बिघडवनारे मामा ते तुमीच व्हय?"

"व्हय," मी तांब्या घेत म्हणालो, "पन दुरुस्तबी मीच केलो. खाली उतरून!"